पावसात महामार्गावर गाडी चालवताना: टायर, काच, अंतर आणि ब्रेक

गाडीचे प्रत्येक चाक रस्त्याला जेवढे टेकलेले असते ती जागा साधारण तळहाताएवढी. अशा चार तळहातांच्या जोरावर हजार-बाराशे किलोंची गाडी वेग घेते, वळते आणि थांबते. कोरड्या रस्त्यावर हे मनातही येत नाही. पाऊस सुरू झाला की रबर आणि डांबराच्या मध्ये पाणी शिरते, आणि मग गाडी कितीही नवी असली, ब्रेक कितीही चांगले असले, तरी पकड जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून ओल्या रस्त्यावर जे करायचे ते लवकर करायचे आणि हलक्या हाताने करायचे. उशिरा मारलेला ब्रेक, उशिरा घेतलेले वळण, झटक्यात बदललेली लेन, ही सगळी त्या चार तळहातांकडे नसलेली पकड मागतात.

टायर: निम्मे काम घरून निघण्याआधीच होते

टायरवरच्या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. हिशेब करून पाहा. १८५ मिमी रुंद टायर, रस्त्यावर ३ मिमी पाणी आणि ताशी ८० किमी वेग. एका सेकंदात त्या एका टायरला सुमारे १२ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. सेकंदाला एक लहान बादली, तीही एका चाकाला. हे पाणी खाचांतून बाहेर गेले नाही तर ते टायरखाली पाचरीसारखे घुसते आणि टायर उचलते.

नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिमी खोल असतात. बऱ्याच देशांत कायद्याने १.६ मिमीपर्यंत टायर चालतो आणि खाचेच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे रबराचे छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली म्हणजे टायर संपला. पण हा आकडा पावसाळी महामार्गासाठी पुरेसा धरू नका. ३ मिमीच्या खाली गेलेला टायर साचलेल्या पाण्यात फार लवकर हात टेकतो, त्यामुळे पावसाळ्याआधी ३ मिमी हीच बदलायची वेळ समजा.

मोजायला यंत्र लागत नाही. काडेपेटीतली काडी खाचेत उभी धरा, टायरच्या पृष्ठभागाला नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. हे तीन ठिकाणी करायचे: बाहेरची कड, मधला भाग आणि आतली कड. आतली कड बहुतेक लोक बघतच नाहीत. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवले की ती दिसते. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीत बाहेरून टायर छान दिसतो आणि आतून पार गोटा झालेला असतो. मधली नक्षी जास्त झिजली असेल तर हवा जास्त ठेवली जाते आहे; दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी.

टायरचे वयही बघा. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. जुने रबर कडक होते. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी कडक रबर ओल्या डांबराला चिकटत नाही.

दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे बसवून घ्या, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पुढची चाके पाण्यावर घसरली तर गाडी सरळ जाते. चालकाला ते लगेच जाणवते आणि वेग कमी केला की बहुधा ताबा परत येतो. मागची चाके घसरली तर शेपूट फिरते आणि गाडी गोल होते. ते सावरणे सरावलेल्या चालकालाही अवघड असते.

हवा: पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते, हा समज धोकादायक आहे. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर जायची वाट बंद होते. १९६०च्या दशकात नासाचे अभियंता वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या चाकांवर प्रयोग करून एक सूत्र मांडले: टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळावर चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग ठरतो. त्या सूत्राने ३२ पीएसआय हवेला हा वेग ताशी सुमारे ९४ किमी येतो आणि २४ पीएसआयला सुमारे ८२ किमी. खाचांना उपसता येणार नाही इतके पाणी रस्त्यावर असेल तेव्हाचे हे आकडे आहेत. मोटारीच्या रुंद किंवा झिजलेल्या टायरची पकड याच्या बरीच आधी सुटू लागते, पण हवा उतरली की धोका अलीकडे सरकतो हे त्यातून स्पष्ट दिसते. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर दिलेला आकडाच ठेवा, गाडी पूर्ण भरलेली असेल तर त्यासाठी दिलेला वेगळा आकडा ठेवा, आणि टायर थंड असताना मोजा.

काच: वायपर, तेलकट थर आणि धुके

वायपरचे रबर साधारण वर्षभरात निकामी होते, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे सहा महिन्यांतही. रबराच्या कडेवरून बोट फिरवा. ती कडक, दातेरी किंवा एका बाजूला वाकलेली लागली तर बदला. पाते फिरताना काचेवर बारीक रेघा उरत असतील तर रबर चिरलेले आहे. पाते थरथरत उड्या मारत असेल तर बहुधा काचेवर मेण, तेल किंवा धुराचा थर बसला आहे.

हा थर दिवसा दिसत नाही. रात्री समोरून दिवे आले की काचेवर इंद्रधनुषी फराटे उमटतात, तेव्हा कळतो. नुसत्या पाण्याने तो निघत नाही. काच साबणाच्या पाण्याने किंवा काच साफ करायच्या द्रवाने दोनदा धुवा, वायपरच्या रबराची कडही ओल्या कापडाने पुसा. वॉशरच्या टाकीत साधे पाणी भरण्याऐवजी काचेचा द्रव घाला, कारण पुढच्या ट्रकने उडवलेल्या चिखलात तेल असते. आतली बाजूही पुसा. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून उडणारा अंश काचेवर बसतो आणि वाफ त्यावर लवकर धरते.

आतून काच धुरकटली की हाताने किंवा फडक्याने पुसत बसू नका. एसी सुरू करा, तापमान कोमटाकडे न्या, हवा काचेकडे वळवा आणि आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करून बाहेरची हवा आत येऊ द्या. एसीच्या थंड नळ्यांवर हवेतल्या बाष्पाचे पाणी होते आणि कोरडी हवा काचेवर येते, म्हणून पावसात एसी गारव्यासाठी नको असला तरी लागतो. आतली हवा फिरवत ठेवली तर प्रवाशांचा श्वास आणि ओल्या कपड्यांचे बाष्प आतच कोंडते. याच्या उलटही घडते: बाहेर दमट आणि उबदार हवा, आत एसी अगदी थंड, आणि धुके काचेच्या बाहेरून धरते. आतून कितीही पुसले तरी ते जात नाही. अशा वेळी वायपर एकदा फिरवा आणि एसीचे तापमान वाढवा.

दिवे

पाऊस लागताच दिवे लावा आणि डिपरवर ठेवा. अपरचा उजेड थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यांवर येतो. एक चूक फार लोकांकडून नकळत होते: नव्या गाड्यांत दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे असतात, डॅशबोर्डही उजळलेला असतो, म्हणून चालकाला वाटते दिवे लागले आहेत. अनेक गाड्यांत मागचे लाल दिवे मात्र बंदच असतात. फवाऱ्यात मागून येणाऱ्याला अशी गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ‘ऑटो’वरही विसंबू नका, तो उजेड मोजतो आणि दिवसाच्या पांढऱ्या पावसात बरेचदा दिवे लावत नाही. खटका हाताने फिरवा.

मागचा धुक्याचा दिवा असेल तर १०० मीटरच्या पलीकडचे दिसेनासे झाल्यावरच लावा आणि सर ओसरली की बंद करा. तो ब्रेकच्या दिव्याइतकाच प्रखर असतो, त्यामुळे तुम्ही ब्रेक दाबलेला मागच्याला कळत नाही. चारही इंडिकेटर लावून चालत राहणे तर टाळाच. तुम्ही लेन बदलता आहात की उभे आहात, हे कोणालाच कळत नाही. पुढे वाहने अचानक थांबलेली दिसली तर मागच्यांना इशारा म्हणून काही क्षण ते लावणे योग्य. मागच्याने वेग कमी केलेला आरशात दिसला की बंद करा.

मागे माणसे आणि डिकीत सामान भरले असेल तर गाडीचे नाक वर होते आणि डिपरही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगजवळ ० ते ३ असे आकडे असलेले चाक असते, ते फिरवून भारानुसार उजेड खाली करा.

पहिला अर्धा तास

बरेच दिवस कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर इंजिनातून गळलेले तेल, टायरच्या रबराचा चुरा आणि धूळ बसलेली असते. पहिल्या भुरभुरीत याचा सगळ्यात निसरडा लेप होतो. मुसळधार सर आली तर तो लवकर वाहून जातो, पण बारीक रिपरिप असेल तर बराच वेळ टिकतो. पाऊस किरकोळ वाटतो म्हणून या वेळात वेग कमी केला जात नाही, आणि नेमकी तिथेच गाडी घसरते. टोलनाके, सिग्नल आणि पेट्रोल पंपाची वळणे, जिथे गाड्या थांबून तेल गाळतात, तिथे हा थर जाड असतो.

गाडीत बसताना चपलेचा किंवा बुटाचा तळ पायपुसणीवर घासून कोरडा करा. ओला तळवा ब्रेकच्या पेडलवरून सटकतो आणि तेही नेमके पेडल जोरात दाबल्यावर. पायाशी पाण्याची बाटली, ओली छत्री, गुंडाळलेला रेनकोट ठेवू नका. घरंगळून पेडलखाली जातात.

वेग आणि अंतर: आकडे जुळवून घ्या

पुढचा धोका दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही साधारण दीड सेकंद लागतो. त्यानंतर ब्रेकचे अंतर. कोरड्या आणि ओल्या डांबराची सर्वसाधारण पकड धरून एकूण अंतर असे येते: ताशी ६० किमीला कोरड्यात ४५ मीटर आणि ओल्यात ६०. ताशी ८० ला कोरड्यात ६९, ओल्यात ९६. ताशी १०० ला कोरड्यात ९८ आणि ओल्यात १४०. टायर झिजलेले असतील किंवा पाणी साचलेले असेल तर यात आणखी भर पडते.

आता पुढच्या गाडीपासूनचे अंतर. कोरड्या रस्त्यावर दोन सेकंद ठेवायला सांगतात, पावसात चार. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन, एकशे चार’ म्हणा. चार म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पण हे चार सेकंदही वरच्या आकड्यांशी ताडून बघायला हवेत. ताशी ७० किमीला चार सेकंद म्हणजे ७८ मीटर, आणि ओल्या रस्त्यावर थांबायला लागतात साधारण ७७. इथपर्यंत जमते. ताशी १०० ला चार सेकंद म्हणजे १११ मीटर आणि थांबायला हवेत १४०. पुढची गाडी हळूहळू थांबली तर चार सेकंद कोणत्याही वेगाला पुरतील, पण ती दुसऱ्या गाडीवर आदळून जागीच थांबली तर ताशी ७० च्या वर ते पुरत नाहीत. म्हणून भरपावसात एक तर वेग ७० च्या आसपास आणा किंवा अंतर पाच-सहा सेकंदांचे करा. मधल्या मोकळ्या जागेत दुसरी गाडी घुसते, ही तक्रार खरी आहे. ती घुसली की ॲक्सिलरेटरवरून पाय थोडा उचला आणि अंतर पुन्हा तयार होऊ द्या. तासाभराच्या प्रवासात यात जाणारा वेळ मिनिटाच्या घरातही नसतो.

दुसरे माप नजरेचे. जेवढे लांब दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे. ५० मीटरपर्यंतच दिसत असेल तर ताशी ५० हा वरचा वेग, कारण त्या वेगाला ओल्या रस्त्यावर साधारण ४५ मीटर लागतात. फ्रान्समध्ये कायदाच तसा आहे: महामार्गावर एरवी ताशी १३० ची मर्यादा पावसात ११० वर येते आणि ५० मीटरच्या पलीकडे दिसत नसेल तर ५० वर.

पावसात क्रूझ कंट्रोल बंद ठेवा. साचलेल्या पाण्यात चाक सुटले तरी ठरलेला वेग टिकवायचा म्हणून ते इंजिनाला जोर देत राहू शकते. शिवाय पाय पेडलपासून लांब विसावलेला असतो आणि ते बंद करायला बहुतेक जण ब्रेकच दाबतात, जो त्या क्षणी नको असतो. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलताच वेग कमी करणारी रचना असते, ती सौम्य पातळीवर ठेवा. जास्त पातळीवर पाय झटकन उचलला तर चालणाऱ्या चाकांना तो अचानक ब्रेक मारल्यासारखाच असतो. लेन सांभाळणारी आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा कॅमेरा व रडारवर चालते. मुसळधार पावसात ती आंधळी होते, आणि दिसत असले तरी निसरड्या रस्त्यावर तिलाही तेवढेच अंतर लागते. चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी निघताना उपयोगी पडते, थांबताना तिचा काही फायदा नाही.

पाणी कुठे साचते

पाणी रस्त्यावर सगळीकडे सारखे नसते. कुठे असेल याचा अंदाज बांधणारा चालक तिथे पोचण्याआधीच पाय उचलतो.

पहिली जागा चाकोऱ्या. जड वाहनांच्या चाकांनी डांबर दबून दोन लांबट पन्हळी तयार होतात आणि पाणी त्यांतच उभे राहते. पाऊस थांबल्यावरही रस्त्यावर दोन चकचकीत पट्टे दिसले की समजा चाकोरी आहे. लेन न सोडता हातभर बाजूला सरकून चालवले तर चाके उंचवट्यावर येतात. पाणी कमी असेल तेव्हा पुढच्या गाडीच्या चाकांनी नुकतेच पाणी सारलेले पट्टे दिसतात, त्यांतून जाणे चांगले, मात्र ते दिसावेत म्हणून जवळ जाऊ नका.

दुसरी जागा वळणाची सुरुवात आणि शेवट. सरळ रस्त्याला पाणी निघून जाण्यासाठी एका बाजूला उतार असतो, वळणावर तो वळणाच्या आतल्या बाजूला दिलेला असतो. उतार एका बाजूकडून दुसरीकडे बदलतो तिथे मधला थोडा भाग अगदी सपाट होतो, आणि पाणी जाणार कुठे हे त्यालाच कळत नाही. त्यामुळे वळण सुरू व्हायच्या आधीच वेग उतरवलेला हवा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला की टायरच्या पकडीचे वाटे होतात, थोडी वळायला आणि थोडी थांबायला, आणि दोन्ही अपुरी पडतात.

तिसरी जागा उताराचा तळ, जिथे रस्ता खाली जाऊन परत चढतो, आणि भुयारी मार्गाचे तोंड. चौथी दुभाजकाची कड: कचऱ्याने गाळण्या तुंबल्या की त्या बाजूच्या लेनमध्ये पाण्याचा लांब पट्टा धरतो आणि फक्त एका बाजूची चाके त्यात जातात. असे झाले की स्टिअरिंग पाण्याच्या बाजूला ओढले जाते. हाताने घट्ट धरून ठेवा, उलट्या दिशेला झटका देऊ नका; चाके पाण्याबाहेर येताच तो झटका गाडीला दुसरीकडे फेकतो. पुलांच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या आणि रस्त्यावरचे जाड रंगवलेले पट्टे ओले झाले की डांबरापेक्षा कितीतरी निसरडे होतात. त्यांच्यावर असताना ना ब्रेक, ना वळण.

रात्री अडचण वेगळी. कोरडे डांबर खडबडीत असल्याने तुमच्या दिव्याचा थोडा उजेड परत डोळ्यांकडे येतो. पाण्याने ते आरशासारखे झाले की उजेड पुढे निघून जातो आणि रस्ता काळाकुट्ट दिसतो. पांढऱ्या पट्ट्यांमधले काचेचे बारीक मणी पाण्याखाली गेले की तेही चमकत नाहीत. दिवे बिघडले असे वाटते, पण बिघडलेले नसतात. वेग दिवसापेक्षा आणखी कमी करायचा आणि कडेच्या खांबांवरच्या चमकत्या खुणांच्या आधाराने जायचे.

ट्रक ओलांडताना

ट्रक वेगाने चालला आहे म्हणून आपणही तेवढ्या वेगाने जाऊ शकतो, असा हिशेब करू नका. ट्रकच्या टायरमध्ये १०० पीएसआयच्या आसपास हवा आणि वर टनांचे वजन असते, तो पाणी चिरत जातो. तुमची गाडी त्याच वेगाला तरंगू शकते. आणि त्या ट्रकला थांबायला तुमच्याहून बरेच जास्त अंतर लागते, म्हणून ओलांडून झाल्यावर त्याच्या पुढ्यात लगेच घुसू नका. आतल्या आरशात त्याचे संपूर्ण तोंड दिसू लागल्यावर परत या.

ओलांडायला निघण्याआधी वायपर सर्वात वेगात टाका. ट्रकच्या मागच्या चाकांशी फवारा सर्वात दाट असतो आणि दोन-तीन सेकंद काच पांढरी होते. वायपर तेव्हा शोधत बसलात तर ते क्षण आंधळेपणाने जातात. फवाऱ्यात शिरण्याआधी पुढचा रस्ता मोकळा असल्याची खात्री करून घ्या. तो दिसत नसेल तर ओलांडायचेच नाही, लांब राहून मागे चाला. ट्रकच्या बरोबरीने रेंगाळू नका. वाऱ्याच्या दिवशी ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना कडेचा वारा गाडीला एकदम ढकलतो, तेव्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलेले असू द्या.

गाडी पाण्यावर तरंगली तर

लक्षणे ओळखून ठेवा. स्टिअरिंग एकदम हलके होते, जणू जोडलेलेच नाही. टायरचा घरघराट थांबतो किंवा गाडीच्या पोटाखाली पाणी आपटल्याचा मोठा आवाज येतो. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही.

या क्षणी ॲक्सिलरेटरवरून पाय हलकेच उचला. क्लचची गाडी असेल तर क्लच दाबायलाही हरकत नाही, त्यामुळे चाके मोकळी फिरतात. ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा. वळवायचा मोह आवरणे इथे सर्वात कठीण, कारण वळवले तरी काहीच होत नाही आणि माणूस अजून वळवतो. टायर परत जमिनीला टेकतात तेव्हा चाके जिकडे वळलेली असतील तिकडे गाडी झेप घेते. अनेक गाड्या पाण्यात वाचतात आणि या झेपेत दुभाजकावर जातात. साधारण दोन-तीन सेकंदांत वेग उतरतो, स्टिअरिंगला वजन येते, मग हळू ब्रेक.

शेपूट फिरू लागली तर जिकडे जायचे आहे तिकडे बघा आणि स्टिअरिंग तिकडेच फिरवा. कठड्याकडे बघत राहिलात तर हात तिकडेच वळतात. मागची चाके सरळ होऊ लागताच स्टिअरिंगही परत आणा, नाहीतर शेपूट दुसऱ्या बाजूला आणखी जोरात येते.

ब्रेक

महामार्गावर अर्धा-पाऊण तास ब्रेक लागलाच नाही तर डिस्कवर पाण्याचा थर धरतो आणि पहिला ब्रेक उशिरा पकडतो. मागे कोणी जवळ नाही असे बघून अधूनमधून पेडल हलके दाबा, थर पुसला जातो.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत अडचण आली की पेडल पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. पेडल पायाखाली थरथरते, खडखड आवाज येतो. यंत्रणा तिचे काम करते आहे. घाबरून पाय उचलणे ही यातली नेहमीची चूक. चाके लॉक होत नाहीत, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही वळवता येते, त्याचा उपयोग करून अडथळा चुकवा. अंतर मात्र एबीएसने जादूने कमी होत नाही. एबीएस नसेल तर चाक घसरल्याचे जाणवताच पाय थोडा सैल करा, चाक फिरू लागले की पुन्हा दाबा.

लांब उतारावर खालचा गिअर उतार लागण्याआधी टाका. घसरड्या उतारावर मध्येच गिअर खाली खेचून क्लच झटक्यात सोडला तर चाके क्षणभर लॉक झाल्यासारखी घसरतात.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर

१५ सेंटिमीटर पाणी बऱ्याच मोटारींच्या तळाला लागते. ३० सेंटिमीटरमध्ये लहान गाड्या तरंगू लागतात. ६० सेंटिमीटर वाहते पाणी मोठ्या उंच गाड्यांनाही नेते. पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर परत फिरा. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून कळत नाही.

पाणी उभे असेल, उथळ असल्याची खात्री असेल, समोरून येणारी तुमच्याच उंचीची गाडी त्यातून नीट बाहेर आली असेल, तर पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, न थांबता आणि गिअर न बदलता जा. वेग वाढवला की पाणी बोनेटवर चढते आणि हवा ओढणाऱ्या नळीतून इंजिनात शिरते. समोरून दुसरे वाहन पाण्यात असेल तर ते बाहेर येईपर्यंत थांबा, त्याची लाट तुमच्या अंगावर येते.

पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी चढत असेल तर गाडीचा विचार सोडा. पट्टा काढा, काच खाली करा आणि लगेच बाहेर पडा. पाणी दाराच्या निम्म्याहून वर गेले की दार बाहेर ढकलता येत नाही. काचेची बटणे थोडा वेळ चालतात, म्हणून पट्टा निघताच काच खाली करा. ती न उघडल्यास बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टोकदार वस्तूने घाव घाला; पुढची काच दोन थरांची असते, ती अशी फुटत नाही.

थांबायचे कुठे

वायपर सर्वात वेगात असूनही रस्त्याचे पट्टे दिसत नसतील तर थांबायची वेळ झाली. मोठी सर बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. पेट्रोल पंप, विश्रांतीची जागा, बाहेर पडायचा रस्ता, यापैकी जे आधी येईल तिथे वळा. पुलाखाली थांबू नका, मागचे वाहन तिथे कोणी उभे असेल अशा तयारीने येत नाही. महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर उभे राहणे हा अगदी नाइलाजाचा मार्ग आहे. तसे करावेच लागले तर शक्य तितके बाहेर घ्या, चारही इंडिकेटर लावा, आणि ब्रेकवरून पाय काढा. धुवाधार पावसात मागून येणारा लाल दिवे बघून ‘पुढची गाडी चालते आहे’ असे समजून मागोमाग येतो. गाडी बिघडली असेल तर सगळे वाहतुकीच्या उलट्या बाजूच्या दारांनी उतरा आणि कठड्याच्या पलीकडे, गाडीच्या थोडे मागे उभे राहा, कारण धडक बसली तर गाडी पुढे फेकली जाते. त्रिकोण ठेवायचा असेल तर कठड्याच्या बाहेरून चालत किमान ५० मीटर, वेगवान रस्त्यावर १०० मीटर मागे जा. बाहेरून चालायला जागा नसेल तर त्रिकोण राहू द्या. विजा होत असतील आणि गाडी रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी असेल तर काचा बंद करून आतच बसा. पत्र्याचे आवरण वीज बाहेरून जमिनीत नेते.

दुचाकीवर असाल तर हे सगळे दुप्पट सांभाळायचे. पांढरे पट्टे आणि लोखंडी सांधे सरळ ओलांडा, गाडी तिरपी असताना त्यांवर चाक जाऊ देऊ नका. दोन्ही ब्रेक एकत्र, हळू दाब वाढवत लावा. अंगावरून टाकायचा सैल रेनकोट वाऱ्यात फडफडून साखळीत किंवा चाकात जातो, म्हणून दोन तुकड्यांचा, मनगटाशी आणि घोट्याशी बांधता येणारा घ्या. धुवाधार पावसात महामार्गावर दुचाकीने थांबणे हेच बरे, तेही रस्त्यापासून दूर.

पाण्यातून गाडी काढली असेल तर बाहेर येताच कमी वेगात चार-पाच वेळा ब्रेक हलके दाबून कोरडे करा आणि ते नीट पकडेपर्यंत वेग वाढवू नका. घरी पोचल्यावर इंजिन बंद करून तेलाची पट्टी काढून बघा. तेल नेहमीसारखे दिसत असेल तर ठीक. ते दुधाळ, फेसाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे; इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी ओढून दुरुस्तीला न्या. इलेक्ट्रिक गाडीच्या तळाला पाणी चढले असेल तर तपासणी होईपर्यंत तिला चार्जिंगला लावू नका.